तळटीप : एमआयडीसीचे पूर्ण नाव

१२. चिकलठाणा एमआयडीसी : महाराष्ट्र इंडस्ट्रियल डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन; स्थापना १९६२. बोलण्यात आद्याक्षरेच चालतात, पूर्ण नाव राहते पाट्यांपुरते आणि सरकारी कागदापुरते. त्यातल्या तिन्ही इंग्रजी शब्दांचे उच्चारात चार-चार तुकडे पडतात : इन्-डस्-ट्रि-अल, डि-व्हे-लप्-मन्ट, कॉर्-प-रे-शन. पहिल्या दोहोंत जोर दुसऱ्या तुकड्यावर, शेवटच्यात ‘रे’वर. हा बहुतेक प्रत्ययांचा प्रताप. नुसत्या ‘इंडस्ट्री’त जोर ‘इन्’वर असतो, ‘-इअल’ लागताच तो ‘डस्’वर सरकतो. ‘-शन’ तर आपल्या लगतच्या तुकड्यालाच जोर देतो, मग शब्द ‘स्टेशन’ असो वा ‘कॉर्पोरेशन’. ‘-मेंट’ मात्र गरीब. ‘डेव्हलप’चा जोर जिथल्या तिथे राहतो. इंग्रजीत बिनजोराचा स्वर पुसट होतो. मराठीत आघातावरून शब्दाचा अर्थ सहसा बदलत नाही, शिवाय आपण स्पेलिंगमधला स्वर पुरता वाचतो. म्हणून ‘डे’ आणि ‘पो’ ठसठशीत उमटतात. त्यात कमीपणा कसला? चिकलठाण्यात ते तसेच बोलले जाते आणि समजतेही. या आवृत्तीत असे सर्व शब्द रूढ मराठी लेखनानुसारच ठेवले आहेत.