डॉक्टर येईपर्यंत

प्रथमोपचाराच्या जुन्या पुस्तकांचा सारा भर ‘डॉक्टर येईपर्यंत’ या दोन शब्दांवर असे. रक्त थांबवावें, मोडलेल्या हाडाला फळी बांधावी, रोग्यास स्वस्थ निजवावें आणि डॉक्टरची वाट पाहावी, असा त्या विद्येचा क्रम. १८७७ सालीं लंडन येथें सेंट जॉन ॲम्ब्युलन्स असोसिएशन स्थापन झाली, आणि पुढच्याच वर्षीं वुलिच येथें लष्करी शल्यवैद्य पीटर शेफर्ड यांनीं सामान्य नागरिकांना हे उपचार शिकविण्यास आरंभ केला. (आपल्या विद्येचा विस्तार पाहणें शेफर्डांच्या नशिबीं नव्हतें, १८७९ च्या जानेवारींत इसांडल्वानाच्या लढाईंत ते मारले गेले.) ही विद्या प्रथम रुजली ती शहरांत, रेल्वेंत आणि खाणींत. तेथें डॉक्टर दोन-चार घटकांत येऊं शके. जेथें तो येण्याची आशाच नाहीं तेथें काय करावें, हा प्रश्न ऑस्ट्रेलियाच्या निर्जन अंतर्भागांत उभा राहिला.

१९१७ सालची गोष्ट. वायव्येकडील किंबर्ली प्रांतांत जिमी डार्सी नांवाचा तरुण गुराखी घोड्यासह कोसळला आणि त्याच्या पोटांत जबर दुखापत झाली. सोबत्यांनीं त्याला गाडींत घालून, खडकाळ वाटेनें अर्धा दिवस हाल सोशीत, हॉल्स क्रीक या लहानशा वस्तींत आणलें. तेथें रुग्णालय नव्हतें, डॉक्टरही नव्हता. होतें एक तारघर, आणि त्यांत टकेट नांवाचे पोस्टमास्तर. विंडॅम व डर्बी येथील डॉक्टर मिळेनात, तेव्हां टकेट यांनीं पर्थला तार केली. पर्थ तेथून सरळ रेषेंत मोजलें तरी सुमारें बाराशें मैल दूर ! तेथील डॉक्टर हॉलंड यांच्याच हाताखालीं टकेट यांनीं पूर्वीं प्रथमोपचाराचे धडे घेतलेले होते.

लक्षणें तारेनें गेलीं, निदान तारेनें आलें : मूत्राशय फाटलें आहे, शस्त्रक्रिया ताबडतोब केली पाहिजे. टकेट यांनीं असमर्थता कळविली. जवळ हत्यारें नाहींत, आणि आपल्या हातून रोगी दगावेल ही भीति. पण विलंब केला तर तो खात्रीनें जाईल, असा डॉक्टरांचा निर्वाळा पडला. मग खिशांतला चाकू घेऊन, जखम धुण्यास परमँगनेटचें पाणी करून, गुंगीच्या औषधावांचून, मोर्स लिपींतून येणाऱ्या एकेका आज्ञेबरहुकूम त्या पोस्टमास्तरानें जें केलें, तें करण्यास तयार शल्यवैद्याचाही हात कांपला असता. पुढें दुसऱ्यांदाही कापावें लागलें. इकडे हॉलंड गुरें वाहून नेणाऱ्या बोटीनें डर्बीस आले, तेथून जुन्या फोर्ड मोटारीनें, घोड्यांच्या गाडीनें आणि शेवटीं पायीं मजल मारीत हॉल्स क्रीकला पोंचले. डार्सी आदल्याच दिवशीं मरण पावला होता. शस्त्रक्रियेंत चूक नव्हती; हिवतापानें खंगलेल्या देहांत आंतड्याजवळ झालेलें गळूं त्याला भोंवलें. तें तारेवरून कोणास दिसणार ?

टकेट यांचें धैर्य थोर खरेंच. परंतु ही कथा सांगतांना केवळ धैर्यावर भर देणें हा त्यांच्यावर थोडा अन्याय आहे. हॉलंड यांचे शब्द त्यांना कळले ते पूर्वींच्या धड्यांमुळें. ज्याला शरीराच्या भागांचीं नांवेंच ठाऊक नाहींत, त्याला तार करून काय उपयोग ?

वर्तमानपत्रांनीं ही हकीकत गाजविली. जॉन फ्लिन या पाद्र्याच्या मनांत हा विषय आधींपासूनच घोळत होता. १९१० सालीं त्यांनीं रानांत राहणाऱ्यांसाठीं एक लहान पुस्तिका काढली होती. तींत प्रथमोपचाराची माहिती होतीच, शिवाय मृत्युपत्र कसें लिहावें आणि मृताचा अंत्यविधि कसा करावा हेंही होतें. १९१२ पासून त्यांच्या संस्थेनें ठिकठिकाणीं परिचारिका नेमल्या. १५ मे १९२८ रोजीं क्लोंकरी येथें त्यांची वैमानिक वैद्यकसेवा सुरू झाली. विमान भाड्याचें, मैलाला दोन शिलिंग. पहिल्या वर्षांत पन्नास उड्डाणें झालीं व २२५ रोग्यांवर उपचार झाले. पण डॉक्टरला हांक मारावी कशी ? १९२९ सालीं आल्फ्रेड ट्रेगर यांचें बिनतारी यंत्र आलें; पायानें पॅडल फिरवून वीज करावयाची आणि संदेश धाडावयाचा. आरंभीं तोही मोर्स लिपींतच.

विमानाचें कौतुक जगभर झालें. औषधाच्या पेटीचें मात्र तितकेंसें झालें नाहीं. वास्तविक अनेक रोग्यांच्या बाबतींत विमान उडविण्याची गरजच तिनें उरूं दिली नाहीं. १९४२ पासून दूरच्या गुरचराईच्या मळ्यांवर एकसारख्या पेट्या ठेवण्यांत आल्या आणि प्रत्येक औषधास क्रमांक देण्यांत आला. औषधांचीं नांवें लांब, एकमेकांसारखीं. बिनतारी यंत्रांतील खरखरींत त्यांचा घोटाळा झाला तर प्राणाशीं गांठ. क्रमांक मात्र बहुधा चुकत नाहीं. अमुक आंकड्याची गोळी, इतक्या वेळां, असें डॉक्टरनें सांगावें आणि ऐकणाऱ्यानें तें पुन्हा म्हणून दाखवावें. ऐकणारी बहुधा मळेवाल्याची बायको असे.

पुढें पेटीसोबत मानवी देहाचें चित्र देण्यांत येऊं लागलें. त्यावरही भागाभागांना आंकडे. “पोटांत दुखतें” एवढ्यावर डॉक्टरचें समाधान होत नसे. म्हणून आईनें मुलाला निजवून नेमकें कोठें दुखतें तें चांचपावें, चित्रांत तोच भाग हुडकावा आणि यंत्रापाशीं येऊन त्याचा आंकडा सांगावा.