दोन पावसांमधले दिवस

जुलैत घाटघरच्या कड्यावर उभे राहिले तर हाताच्या अंतरावरचा माणूस दिसत नाही. धुके, वारा आणि आडवा पाऊस. चांगल्या वर्षी या अकोले तालुक्याच्या पश्चिम टोकाला पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस होतो. त्याच दिवशी एसटीने नगरला उतरावे. वर ढग तेच, पश्चिमेकडून पळत चाललेले; खाली रस्त्यावर धूळ. कर्जत-जामखेडकडे तर बाजरीची पाने दुपारी सुरळी करून उभी असतात. प्रवास एकाच जिल्ह्यातला, एका दिवसाचा. हवामानाचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने माझ्या मते कोणतेही पुस्तक उघडण्याआधी हा प्रवास करावा.

यामागचे कारण समजायला अवघड नाही. समुद्रावरून आलेली दमट हवा सह्याद्रीला धडकून वर चढते, गार होते आणि आपले पाणी तिथेच टाकते. पठारावर उतरताना तीच हवा दाबली जाऊन तापते. चढताना, पाऊस पडत असताना ती हजार मीटरला साधारण सहा अंशांनी गार होते. उतरताना कोरडी झालेली हवा तेवढ्याच अंतरात जवळपास दहा अंशांनी तापते. तापलेल्या हवेत उरलेली वाफ ढगातून खाली यायला तयार नसते. १६४६ मीटर उंचीचे कळसूबाई याच जिल्ह्यात, आणि त्या रांगेची पर्जन्यछायाही याच जिल्ह्यावर.

म्हणून नगरला वाळवंट म्हणू नये. जैसलमेरला पाऊस मुळातच कमी. तिथल्या माणसाने त्याचा भरवसा कधी धरलाच नाही. नगरची गोष्ट वेगळी आहे. जिल्ह्याची वार्षिक सरासरी पाचशे मिलिमीटरच्या वर जाते, आणि नीट वाटून पडला तर एवढ्या पावसावर पीक येते. तो वाटून पडत नाही, हा खरा प्रश्न. मृगात चार थेंब, पेरणी, आणि मग तीन-तीन आठवडे आभाळ नुसते भरून येते. शेतकरी याला ‘खंड’ म्हणतो. या विषयाचा गाभा मला या एका शब्दात सापडला. आपण इथे पाऊस मोजतो खरे, पण अभ्यासायचे असतात ते दोन पावसांमधले दिवस.

हवामान खात्याच्या व्याख्येनुसार २.५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस झाला तरच तो ‘पावसाचा दिवस’. साठ मिलिमीटर पाऊस सहा दिवसांत विभागून पडला तर पारनेरच्या मुरमाड बरडावरही बाजरी तग धरते. तेवढाच पाऊस तासाभरात पडला तर तो ओढ्याने सीना नदीला जातो आणि बांध फोडून जातो. महिन्याची बेरीज मात्र दोन्हीकडे तीच. सरासरीच्या टक्केवारीवर वर्ष चांगले ठरवणाऱ्या अहवालांवर मी म्हणूनच विसंबत नाही.

घाटाचा पट्टा सोडला तर या जिल्ह्यात सर्वाधिक पाऊस जुलैत नव्हे, सप्टेंबरात होतो. घाटावरचा वारा मंदावतो, बंगालच्या उपसागरातून आलेले कमी दाबाचे पट्टे पठारावर पोचतात, दुपारी ढग उभे वाढतात आणि विजांसह पाऊस कोसळतो. उत्तरा आणि हस्त ही नक्षत्रे इथल्या माणसाच्या तोंडी मृगापेक्षा अधिक आस्थेने येतात ती यामुळे. महसुलाच्या दप्तरात जिल्ह्यातली कितीतरी गावे ‘रब्बी गावे’ म्हणून नोंदलेली आहेत. पैसेवारीही त्या हिशेबाने निघते. हवामानाची एवढी जुनी साक्ष सरकारी कागदात असताना ती भूगोलाच्या वर्गात क्वचितच उघडली जाते, याचे मला वाईट वाटते.

परतीच्या पावसानंतर शेतकरी वावरात जातो, चार बोटे खोल माती उकरतो, मुठीत दाबतो आणि ढेकूळ कमरेच्या उंचीवरून सोडतो. ते तसेच राहिले तर अजून थांबायचे. फुटून भुगा झाला तर वाफसा आला. ढेकूळ बांधलेच गेले नाही तर घात हुकली. त्या ओलीवर पेरलेली मालदांडी ज्वारी पुढे थेंबभर पाऊस नसताना, काळ्या रानाच्या पोटातले पाणी ओढत, हुरड्यापर्यंत येते. जमिनीतली ओल हा हवामानशास्त्राचाच भाग आहे हे मला अशा एका वावरात कळले.

उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, पण शहर साडेसहाशे मीटर उंचीवर असल्याने रात्री हवा सुटते; थंडीत काही रात्री पारा दहाच्या खाली येतो. हवा कोरडी असली की पाणी भराभर उडते आणि उडताना उष्णता घेऊन जाते. माठातले पाणी मुंबईपेक्षा नगरला गार होते ते त्यामुळेच. कोरड्या हवेवर पाण्याचा हा उपाय जुना आहे: निजामशाहीने पंधराव्या शतकाच्या अखेरीस सीनेकाठी वसवलेल्या या शहरात डोंगरपायथ्याचे पाणी खापरी नळांनी, केवळ उताराच्या जोरावर आणले होते, आणि फराहबागेचा महाल तलावाच्या मधोमध बांधला होता.

या विषयाचे धागे फार दूर जातात. १८७६-७८ च्या दख्खनच्या दुष्काळाने मान्सूनचा अंदाज हा राज्यकारभाराचा प्रश्न केला. पुढे वेधशाळांचे प्रमुख झालेले गिल्बर्ट वॉकर मान्सूनचा माग काढत पॅसिफिकवरच्या हवेच्या दाबाच्या हेलकाव्यापर्यंत पोचले. १८७७ आणि १९७२ या दोन्ही वर्षी एल निनो होता. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडलेली, सुकडी खाल्लेली माणसे अजून गावोगावी आहेत. त्यांच्याशी बोलायला उशीर करू नका. त्या खडी फोडण्यातूनच १९७७ चा रोजगार हमीचा कायदा आला. हिवरे बाजारसारखे गाव दरवर्षी पावसाच्या नोंदीवरून पाण्याचा ताळेबंद मांडते आणि कोणते पीक घ्यायचे ते ठरवते. हवामानाच्या आकड्याचा याहून चांगला उपयोग मी पाहिलेला नाही.

नव्या अभ्यासकाला साधने फारशी लागत नाहीत. एक पर्जन्यमापक, झाडा-भिंतीपासून दूर ठेवलेला, आणि एक वही. सकाळी साडेआठला वाचन घ्यायचे. एक मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरवर एक लिटर. शेजारच्या रकान्यात वारा कुठून होता, गार पडली का, माती किती बोटे ओली आहे, ते लिहावे. पाऊस नसेल त्या दिवशी जागा कोरी सोडू नये, शून्य लिहावे. कोऱ्या जागेचा अर्थ वाचायला कोणी गेले नाही असा होतो. ओळीने लिहिलेले एकवीस शून्य म्हणजे खंड, आणि कोणाच्या तरी शेतातली दुबार पेरणी.