नॉमिनी, वारस आणि मृत्युपत्र : थोडा इतिहास

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा संपादक मंडळाचा आग्रह झाला. पंचवीस वर्षांत आपल्या सोसायटीत काय काय बदलले, यावर बाकीचे सभासद लिहितीलच. मी सांगणार आहे तो बदल सभासदांच्या यादीतला. पहिल्या यादीतली कितीतरी नावे आज आपल्यात नाहीत. त्यांच्या जागी कुठे पत्नीचे, कुठे मुलाचे, कुठे लेकीचे नाव लागले. काही घरांत हे दोन-तीन महिन्यांत झाले, काही ठिकाणी वर्षे गेली. फरक माणसांत नव्हता, कागदपत्रांत होता. बँकेत छत्तीस वर्षे काढताना मीही हेच पाहिले. म्हणून या कागदांचा थोडा इतिहास सांगतो.

आपल्या पणजोबांच्या काळी मृत्युपत्राचा प्रश्न सहसा पडत नसे. वाडा आणि शेत एका माणसाचे नव्हे, कुटुंबाचे. अकराव्या-बाराव्या शतकात विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्य स्मृतीवर लिहिलेली 'मिताक्षरा' ही टीका आपल्याकडे प्रमाण मानली जाई. मुंबई आणि कोकणात तिच्या जोडीला नीलकंठ भट्टांच्या 'व्यवहारमयूखा'लाही मोठा मान. हे भट्ट घराणे मूळ पैठणचे, नंतर काशीला गेलेले. मिताक्षरेप्रमाणे वडिलोपार्जित मिळकतीत मुलाला जन्मतःच हिस्सा. बायकांचे मात्र तसे नव्हते. विधवेला अन्नवस्त्र आणि मुलीला लग्नाचा खर्च, झालं! घरात राहायला मिळे, पण घर आपले म्हणता येत नसे.

इंग्रजी अमलात मृत्युपत्राला कायद्याची चौकट आली. १८७० च्या हिंदू विल्स अॅक्टने मुंबई शहरातल्या हिंदूंचे मृत्युपत्र लेखी आणि दोन साक्षीदारांसमोर हवे असे ठरवले. बाहेरच्या मुलखात तोंडी मृत्युपत्रही चालत असे! १९२५ चा भारतीय वारसा कायदा आला आणि पुढे १ जानेवारी १९२७ पासूनच्या हिंदूंच्या सर्वच मृत्युपत्रांना लेखी असण्याचा नियम लागू झाला. मरताना अण्णा काय म्हणाले होते, यावरचे वाद तेव्हापासून निदान कायद्यापुरते मिटले.

बायकांच्या हक्काची वाट मात्र लांबची होती. १९३७ साली मुंबईच्या डॉ. गोपाळराव देशमुखांच्या प्रयत्नाने विधवेला पतीच्या मिळकतीत हिस्सा मिळाला, तोही फक्त हयातीपुरता. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने तो पूर्ण मालकीचा केला. एकत्र कुटुंबातला आपला हिस्सा मृत्युपत्राने देण्याची मोकळीकही याच कायद्याने दिली. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून अविवाहित मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखा हक्क दिला. ९ सप्टेंबर २००५ पासून तो देशभर आला, लग्न झालेले असो वा नसो. त्या तारखेला वडील हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले.

आता आपल्या पिढीकडे येऊ. गावचे सामाईक घर सोडून आपण शहरात आलो, कर्ज काढून फ्लॅट घेतला. ही मिळकत पूर्वजांची नाही, स्वकष्टाची. शिवाय मुदत ठेवी, विमा, पीपीएफ, शेअर्स. आजोबांची इस्टेट गावाला ठाऊक असे. आपली इस्टेट कपाटातल्या एका फाइलमध्ये असते आणि पुष्कळदा ती फाइल कुठे आहे हे पत्नीलाही माहीत नसते.

मी १९७४ साली बँकेत लागलो तेव्हा ठेवींना नॉमिनेशनच नव्हते. खातेदार गेला आणि खाते एकट्याच्या नावावर असले, तर रक्कम लहान असेल तेव्हा हमीपत्र आणि जामीनदार, मोठी असेल तेव्हा कोर्टाचे सक्सेशन सर्टिफिकेट. ऐन मुलीच्या लग्नाच्या वेळी नवऱ्याच्याच ठेवीसाठी शाखेत पुन्हापुन्हा येणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. १९८३ च्या दुरुस्तीने आणि १९८५ च्या नियमांनी बँकेत नॉमिनेशन आले आणि तीच कामे काही दिवसांत होऊ लागली. आता १ नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्याला चारपर्यंत नॉमिनी देता येतात.

सोय मोठी झाली, पण तिच्याबरोबर एक गैरसमजही आला: नॉमिनी म्हणजे मालक. तसे नाही. विम्याच्या एका खटल्यात १९८४ सालीच सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की नॉमिनी पैसे स्वीकारतो, हक्क वारसांचा राहतो. (विम्यात २०१५ नंतर आईवडील, पती-पत्नी आणि मुले नॉमिनी असतील तर नियम वेगळा आहे.) शेअर्सबाबत डिसेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने तोच निर्वाळा दिला. आपल्या फ्लॅटचे काय? २०१९ मध्ये महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यात गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण आले. त्याप्रमाणे वारस ठरेपर्यंत नॉमिनी हा तात्पुरता सदस्य असतो. म्हणजे नॉमिनी हा राखणदार. घर कोणाचे, हे मृत्युपत्र ठरवते आणि ते नसेल तर वारसा कायदा.

मग कायदा ठरवेल की, असे काही जण म्हणतात. कायदा वाटणी न्यायाने करतो, पण त्याला आपले घर ठाऊक नसते. हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर पत्नी, मुलगे, मुली आणि हयात असेल तर आई, सगळ्यांना सारखा वाटा. आजारपणात कोणी केले, कोणते मूल स्वतःच्या पायावर उभे राहू शकत नाही, हे त्यात येत नाही. आणि फ्लॅटचे चार वाटे झाले की चार सह्या लागतात. एक सही परदेशात अडकली तरी हक्कसोडपत्र रखडते.

स्त्रियांनी तर याकडे जास्त लक्ष द्यावे. माझ्या ओळखीच्या एका शिक्षिका निपुत्रिक विधवा होत्या. फ्लॅट त्यांनी स्वतःच्या पगारातून घेतलेला. शेवटची आठ वर्षे बहिणीच्या मुलीने त्यांचे सगळे केले. त्यांनी काही लिहिले नसते, तर ते घर नवऱ्याच्या पुतण्यांकडे गेले असते. कायदा तसाच आहे. बाईंनी दोन पानांचे मृत्युपत्र केले. भाची आज त्याच घरात राहते.

मृत्युपत्राला स्टँप पेपर लागत नाही, साधा कागद चालतो. करणारा सज्ञान आणि शुद्धीवर हवा, सही दोन साक्षीदारांसमोर करावी, त्यांनीही सही करावी. साक्षीदार शक्यतो लाभार्थी नसावेत. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. वय झाले असेल तर डॉक्टरांचा दाखला जोडावा. विचार बदलला तर नवे करता येते. शेवटचे ते खरे. हे हिंदूंपुरते सांगितले. मुस्लिम कुटुंबांत वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशाहून अधिक मृत्युपत्राने देता येत नाही आणि ख्रिश्चन-पारशी कुटुंबांचे नियम १९२५ च्या कायद्यात आहेत. वकिलाला एकदा विचारावेच.

आणखी दोन कामे. बँक, विमा, डीमॅट, लॉकर यांची यादी करून घरात सांगून ठेवा. दहा वर्षे हात न लावलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात. त्या वारसांना परत मिळतात, 'उद्गम' पोर्टलवर शोधताही येतात, पण आधी त्या होत्या हे तर कळले पाहिजे! दुसरे, सोसायटीतले नॉमिनेशन आणि मृत्युपत्र यांत शक्यतो एकच नाव ठेवा.

मृत्युपत्र लिहिले की मरण जवळ येते, असे मानणारे अजून आहेत. मी मृत्युपत्रानंतर वीस-वीस वर्षे ठणठणीत राहिलेले ग्राहक पाहिले आहेत. लांब जातो तो भावाबहिणींमधला तंटा. महोत्सवाच्या निमित्ताने प्रत्येक सभासदाने कार्यालयात जाऊन आपले नॉमिनेशन एकदा तपासून घ्यावे आणि त्याच आठवड्यात मृत्युपत्राचा कच्चा मसुदा लिहून काढावा, एवढीच विनंती.