सेंधव्याला जाग येते

इंदूरच्या सुदामा नगरातून निघताना पिशवीत पुण्याच्या मावशीसाठी जिरावन मसाल्याची पुडी असतेच. राजेंद्रनगरला स्लीपर बस मिळते, मानपूरचा घाट उतरता उतरता डोळा लागतो. सेंधवा तुम्ही आजवर जागेपणी पाहिलेलंच नाही. इंदूरच्या मराठी माणसाचं हे असंच. दोन्ही टोकं पाठ, मधलं गाव झोपेत.

आज जाग येते ती वासाने. डिझेल नाही, जवसाचं तेल! अंगाखाली गादीऐवजी लाकडी पेटी आहे आणि बैलांच्या घुंगरांना कुणीतरी चिंध्या गुंडाळल्यात. साल १८५७, नोव्हेंबर.

पेटीत माळव्याची अफू. चीक वाळू नये म्हणून तेलात ठेवतात, मग गोळे करून खसखशीच्या वाळल्या पाल्याच्या चुऱ्यात घोळवतात. हा चुरा तुमच्या बाहीला चिकटलाय. झटकला तरी बोटांना चिकटपणा राहतो. माल मुंबईला जाईल, तिथून जहाजाने चीनला. गाडीवान कमरेचा परवाना पुन्हा चाचपतो. पेटीमागे कंपनीचे चारशे रुपये. सिंध इंग्रजांनी घेतला नव्हता तोवर कराचीची चोरवाट होती, म्हणून दर १२५ वर ठेवावा लागला होता. १८४३ मध्ये ती वाट बुजली आणि चार वर्षांत दर तिपटीवर गेला. धंद्याचं गणित साधं असतं.

समोर सेंधव्याच्या किल्ल्याची काळी भिंत. १८१८ च्या मंदसोरच्या तहात होळकरांनी सातपुडा आणि त्याच्या दक्षिणेचा मुलूख सोडला. त्यात या किल्ल्याचं नाव मुद्दाम घातलं, भोवतीच्या २००० यार्ड मोकळ्या जागेसकट. यार्डात मोजलेली सरहद्द! खिंड ज्याच्या हातात, त्याच्या हातात खानदेशाची वाट, हे तह लिहिणाऱ्याला पक्कं ठाऊक होतं.

भिल्लांना ते त्याच्याही आधीपासून ठाऊक आहे. त्यांच्यातला खाज्या नाईक हा सेंधव्याच्या या घाटाचा राखणदार, सरकारी पगारी. वाटसरूंना पार करून देणं हे त्याचं काम. आता तो उलटलाय. इंदूरहून मुंबईला निघालेला सात लाखांचा खजिना त्याच्या माणसांनी लुटल्याची बातमी तळावर कुजबुजत फिरते आहे. गाडीवानाला त्यात नवल वाटत नाही. घाटाची एकेक वाट ज्याला पाठ, तोच राखतो आणि तोच लुटतो, एवढंच तो म्हणतो आणि चिलीम विझवतो.

झाडीतून एक धनुष्यवाला उतरतो. बैलांकडे पाहतो, पेटीवर बोटं वाजवतो, मग तुमच्या चपलांकडे टक लावून विचारतो, कुठले?

इंदूरचे, तुम्ही म्हणता.

कुणाचे? होळकरांचे की कंपनीचे?

तुम्ही पिशवी पोटाशी धरता. जिरावनाचा वास जवसाच्या तेलात मिसळतो. त्याचं नाक किंचित फुगतं आणि तो हात पुढे करतो.