जैत रे जैत

गो. नी. दांडेकर यांची ठाकर आदिवासी जीवनावरची कादंबरी आणि तिच्यावर जब्बार पटेल यांनी १९७७ साली दिग्दर्शित केलेला मराठी चित्रपट. निर्मिती उषा मंगेशकर यांची, गीते ना. धों. महानोर यांची, संगीत हृदयनाथ मंगेशकर यांचे.

भगताचा मुलगा नाग्या (मोहन आगाशे) पुण्यवंत होण्याच्या ध्यासाने जगतो. लिंगोबाच्या डोंगरावरच्या राणीमाशीचे दर्शन पुण्यवंतालाच घडते, अशी श्रद्धा. प्रत्यक्षात माशीच्या दंशाने त्याचा एक डोळा जातो. भक्तीची जागा सूड घेतो. मनाविरुद्धचा संसार सोडून आलेली चिंधी (स्मिता पाटील) त्याच्यावर जीव टाकते आणि त्याचा सूडही आपला मानते. मधमाश्यांची पोळी अखेर उतरतात, पण माश्यांच्या दंशांनी चिंधी मरते. जैत म्हणजे जिंकणे. नाग्या जिंकतो तो असा.

प्रेमापोटी केलेल्या त्यागाची दुसरी एक गोष्ट शेजारी ठेवून पाहावी. ओ. हेन्रीच्या १९०५ सालच्या ‘द गिफ्ट ऑफ द मॅजाय’ या अमेरिकी कथेत एकमेकांना भेट देण्यासाठी पत्नी केस विकते, पती घड्याळ विकतो आणि दोघांच्या भेटी निरुपयोगी ठरतात. तिथला त्याग दोन्ही बाजूंचा असतो आणि लेखक हसत हसत त्यांना शहाणे ठरवतो. दांडेकरांच्या कथेत किंमत एकटी चिंधी मोजते, पश्चात्तापाचा भार नाग्यावर पडतो. हा शेवट अधिक कठोर आणि अधिक प्रामाणिकही वाटतो.

चित्रपटाला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.