आषाढातली वाट आणि भाताची लावणी

भिवंडी तालुक्यातल्या दिघाशीसारख्या भाताच्या गावात आषाढ लागला की माणूस घरात सापडत नाही. राबातली रोपं काढायची, मुठी बांधायच्या आणि गुडघाभर चिखलात लावणी उरकायची. नेमक्या ह्याच दिवसांत देशावरचा शेतकरी टाळ गळ्यात घालून पंढरीच्या वाटेला लागतो. तिकडची भक्ती मोठी नि इकडची कमी, असं कुणी समजू नये. हिशेब पावसाचा आहे. ठाणे जिल्ह्यात वर्षाला सुमारे २५०० मिलिमीटर पाऊस, तर सोलापूर जिल्ह्यात ५००-६००. तिकडे मृगाच्या सरींवर बाजरी पेरली की हाताला थोडी उसंत मिळते. इकडे लावणीचे दिवस चुकले तर वर्षाचा तांदूळ हातचा जातो. म्हणून भातवाल्याला माघी वारी सोयीची. आषाढीला जायचंच, तर एकानं निघायचं आणि त्याच्या वाटणीचा चिखल बाकीच्यांनी तुडवायचा. वारीच्या इतिहासात चालणाऱ्यांची नावं येतात. मागं राहून रोपं लावणाऱ्या बायकांची येत नाहीत, हे मला खटकतं.

पायी वारी फार जुनी. पालखी त्या मानानं अलीकडची. १६८५ साली तुकोबांचे चिरंजीव नारायणबाबा यांनी ज्ञानदेवांच्या नि तुकोबांच्या पादुका एकत्र घेऊन सोहळा सुरू केला. पुढे १८३२ च्या सुमारास आळंदीची पालखी स्वतंत्र निघू लागली, ती हैबतबाबांमुळे. हे साताऱ्याकडच्या आरफळचे, ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या चाकरीत राहिलेले सरदार. फौजेतला माणूस असल्यामुळे त्यांनी चालण्याला शिस्त लावली. आजही तळ हलवताना कर्णा तीनदा वाजतो: पहिल्याला सामान आवरायचं, दुसऱ्याला तयार व्हायचं, तिसऱ्याला निघायचं. दिंडीचा क्रम ठरलेला. रथापुढे २७ दिंड्या, बाकीच्या मागं.

संध्याकाळच्या तळावरची समाजआरती शिक्षक मंडळींनी मुलांना जरूर सांगावी. चोपदारानं दंड उंचावला की हजारो टाळ एकदम थांबतात. पण एखाद्या दिंडीची तक्रार असेल, तर ती आपले टाळ वाजवीतच राहते. मग चोपदार तिकडे जाऊन गाऱ्हाणं ऐकून घेतात. हरवलं-सापडलंही तिथंच पुकारलं जातं. एवढ्या मोठ्या जमावात लहानातल्या लहान दिंडीला आपलं म्हणणं मांडायला ही केवढी सोय!

आळंदी ते पंढरपूर ही वाट सुमारे अडीचशे किलोमीटरची. पूर्वी अंगावर घोंगडीची खोळ असे, आता प्लास्टिकचा कागद असतो. सोबत्यांनी एका कागदाखाली दोघं-तिघं व्हायचं, ओली धोतरं नि लुगडी अंगावरच वाळवायची. पाऊस जोरात असला तर तो पुण्याच्या आसपास आणि दिवेघाटात. सासवड, जेजुरी मागं पडली की ढग विरळ होतात. आमच्याकडच्या वारकऱ्याला तर नीरेपलीकडे पावसापेक्षा उन्हाचाच ताप.

१८६३ साली बोरघाटातून आगगाडी सुरू झाली, १९०६ साली कुर्डुवाडीहून लहान गाडी पंढरपूरला पोचली. तरी पायी चालणं थांबलं नाही. चालण्यात बरोबरी असते म्हणतात. ती पुरती खरी नव्हती. इरावती कर्वे विसाव्या शतकाच्या मध्याला दिंडीबरोबर चालल्या, आणि एकत्र भजन म्हणणाऱ्या बायका जेवायला मात्र जातवार वेगळ्या बसतात, हे त्यांनी व्यथित होऊन लिहिलं. विठ्ठलाच्या देवळाचं दार तरी हरिजनांना कुठं सहज उघडलं? त्यासाठी साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात पंढरपुरात उपोषण करावं लागलं.

चालणं मोडलं ते साथीनं. २०२० साली कोरोनामुळे पायी सोहळा झाला नाही; ३० जून रोजी पादुका एस. टी. गाडीनं पंढरपूरला नेल्या. २०२१ सालीही एस. टी.च. २०२२ साली दिंड्या पुन्हा रस्त्याला लागल्या, तेव्हा दोन वर्षं घरी बसलेल्यांनी आधी आपापल्या दिंडीतले जुने सोबती शोधले.