‘कुंपणी’ ते कंपनी

पिंपरी-चिंचवड आणि चाकण परिसरात ‘कंपनी’ म्हटले की गेट, शेड आणि तीन पाळ्यांत चालणारे काम असलेली जागा समजली जाते; मूळ इंग्रजी शब्दाचा रोख मात्र जागेवर नसून माणसांवर आहे. लॅटिनमध्ये ‘कुम्’ म्हणजे सह आणि ‘पानिस’ म्हणजे भाकरी. एका भाकरीचे वाटेकरी ते सोबती, अशा कल्पनेतून घडलेला हा शब्द जुन्या फ्रेंचमार्गे इंग्रजीत गेला आणि तेथे त्याला सोबत, मंडळी, व्यापाऱ्यांचा संघ आणि कप्तानाच्या हाताखालील पायदळाची तुकडी असे अर्थ लाभले. पोर्तुगिजांबरोबर आलेला ‘पाव’ही त्याच ‘पानिस’चा वंशज असल्याने, गेटबाहेरच्या वडापावचे आतल्या कंपनीशी दूरचे नाते लागते.

मराठी मुलखात हा शब्द रुळला तो सत्तेचे नाव म्हणून. ३१ डिसेंबर १६०० रोजी सनद मिळालेली ईस्ट इंडिया कंपनी मराठीत ‘कुंपणी’ झाली, आणि पुढे ‘कुंपणी सरकार’. फिरंगोजी नरसाळ्याने १६६० मध्ये शायिस्ताखानाविरुद्ध जवळजवळ दोन महिने लढवलेला चाकणचा भुईकोट १८१८ मध्ये, पेशवाई बुडाली त्याच वर्षी, इंग्रजांच्या फौजेने घेतला. चाकणात कंपनी प्रथम शिरली ती अशी, व्यापारी संघ आणि पायदळ या दोन्ही अर्थांनी एकदमच. १८५८ मध्ये तिचा कारभार राणीकडे गेला आणि १८७४ मध्ये ती विसर्जित झाली.

तोवर कायद्याने शब्दाला वेगळे वळण दिले होते. हिंदुस्थानात १८५० मध्ये भागभांडवली कंपन्यांच्या नोंदणीची सोय झाली आणि १८५७ मध्ये मर्यादित दायित्वाचे, म्हणजे भागधारकाची जोखीम त्याच्या भागांच्या रकमेपुरतीच राखण्याचे, तत्त्व आले. कंपनी ही देह नसलेली, पण करार आणि दावा करू शकणारी व्यक्ती ठरली. २०१३ च्या अधिनियमाने तर एकट्या माणसाची कंपनीही मान्य केली, जी व्युत्पत्तीच्या दृष्टीने वदतोव्याघातच होय.

लोकभाषेने मात्र या देहहीन व्यक्तीला भिंती आणि पत्रे दिले. ‘गिरणी’ म्हटले की मुंबईचे कापड आणि ‘कारखाना’ म्हटले की पश्चिम महाराष्ट्रात साखर डोळ्यांपुढे येई. १९५४ मध्ये पिंपरीत स्थापन झालेली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, १९६२ मध्ये स्थापन झालेले महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ (एमआयडीसी), शिवाय टेल्को आणि बजाज यांनी उभे केलेले जग या दोन्ही शब्दांत बसणारे नव्हते, आणि बहुधा म्हणूनच ‘कंपनी’ येथे घट्ट बसली. जमीन ‘एमआयडीसीत गेली’ आणि मुलगा ‘कंपनीत लागला’, ही दोन वाक्ये अनेक घरांत जोडीनेच बोलली गेली. बजाजचा चाकण प्रकल्प १९९९ मध्ये आणि फोक्सवॅगनचा २००९ मध्ये सुरू झाल्यावर हीच भाषा खेड तालुक्यात पसरली. कंत्राटी कामगाराचा मालक कागदोपत्री कंत्राटदार असतो, परंतु ‘कुठे असतोस?’ या प्रश्नाला तोही ‘कंपनीत’ असेच उत्तर देतो, कारण तो ज्या गेटातून आत जातो त्यावर कंत्राटदाराचे नाव नसते.